वाळवंटातील घर आणि सूरजागडचे छप्पर

माणूस जेथे राहतो तेथील ऊन, पाऊस आणि माती त्याच्या घराला आकार देतात. इजिप्तच्या वाळवंटात लाकूड दुर्मीळ, पाऊस जवळजवळ नाहीच. म्हणून न्युबियाचे गवंडी लाकडी आधार न लावता कच्च्या विटांचे कमानदार छत उभारीत. जाड भिंती दिवसाचे ऊन थोपवीत. त्यांत साठलेली ऊब थंड रात्री उपयोगी पडे. दुसऱ्या महायुद्धात लाकूड व पोलाद मिळेनासे झाले, तेव्हा वास्तुशिल्पी हसन फतही (१९००–१९८९) यांनी हीच जुनी रीत उचलली आणि लक्सरजवळ ‘नवे गुर्ना’ हे गाव बांधावयास घेतले. परंतु जुन्या गुर्नावासीयांची रोजी तेथील प्राचीन थडग्यांशी निगडित होती. बहुतेकांनी स्थलांतर नाकारले व गाव अपुरेच राहिले.

आपल्या मराठवाड्यातही कमी पावसाच्या भागात सपाट, धाब्याची घरे झाली. सूरजागडच्या अरण्यात मात्र पाऊस मोठा. तेथील माडिया लोकांनी बांबूच्या तट्ट्यांवर माती लिंपली आणि वर उतरते छप्पर घातले. रीत निराळी, अक्कल एकच.

आज घरोघरी पत्रे येत आहेत आणि मे महिन्यात घराची भट्टी होत आहे. पालकांनी घर बांधताना गावच्या जुन्या गवंड्याचा सल्ला जरूर घ्यावा. उद्या अभियंता होणाऱ्या आपल्या मुलामुलींनी गुर्नाचा धडा विसरू नये : आधी राहणाऱ्याला विचारावे, मग नकाशा काढावा. इल्म आणि हुन्नर यांची सांगड अशीच पडते.