गांठीचें रूप आणि रोग्याचें आयुष्य

१९३३ सालीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरचे डॉ. जेम्स गिल्मोर यांस आपल्या डाव्या फुप्फुसांत कर्करोग झाला असल्याचें कळलें. ते स्वतः प्रसूतिशास्त्राचे जाणकार वैद्य. शस्त्रक्रियेपूर्वीं कांहीं दिवस ते घरीं गेले, दंतवैद्याकडून दांत नीट करून घेतले, आणि त्याच फेरींत स्वतःच्या थडग्यासाठीं जागाहि विकत घेतली, अशी हकीकत सांगतात. आशा आणि भय हीं दोन्ही एकाच मनांत कशीं नांदतात याचें हें उत्तम उदाहरण होय.

५ एप्रिल १९३३ रोजीं सेंट लुई येथील बार्न्स रुग्णालयांत डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनीं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. फुप्फुसाचा एकच खंड काढावा असा बेत होता. परंतु छाती उघडल्यावर गांठ मुख्य श्वासनलिकेच्या इतकी निकट आढळली कीं, तेवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. तेव्हां ग्रॅहॅम यांनीं संपूर्ण डावें फुप्फुस एकाच बैठकींत काढून टाकलें, आणि मागें राहिलेली पोकळी मिटावी म्हणून कांहीं बरगड्याहि काढल्या. १९३१ सालीं बर्लिन येथें डॉ. निसेन यांनीं एका मुलीचें फुप्फुस काढलें होतें. पण तिचा रोग कर्करोग नव्हता, आणि तें काम दोन टप्प्यांनीं झालें होतें. कर्करोगासाठीं एकाच वेळीं सबंध फुप्फुस काढूनहि रोगी जगल्याचें उदाहरण हें पहिलेंच. गिल्मोर नुसते जगले असें नव्हे, तर पुन्हां आपल्या व्यवसायास लागले आणि १९६३ पर्यंत, म्हणजे आणखी तीस वर्षें, हयात होते.

आतां शस्त्रवैद्याची कथा ऐकावी. ग्रॅहॅम यांस सिगारेट ओढण्याची संवय होती. १९५० सालीं त्यांनीं व अर्न्स्ट विंडर या तरुण विद्यार्थ्यानें ६८४ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध करून धूम्रपानाचा या रोगाशीं असलेला संबंध दाखवून दिला. पुढें त्यांनीं सिगारेट सोडली. परंतु फार उशीर झाला होता. १९५७ सालीं त्यांच्या दोन्ही फुप्फुसांत कर्करोग आढळला, आणि त्याच वर्षीं मार्च महिन्यांत ते निवर्तले. ज्यानें रोग्यास वांचविलें तो सहा वर्षें आधीं गेला. ज्यानें थडग्याची जागा घेऊन ठेवली होती तो मागें राहिला.

हा केवळ दैवाचा खेळ म्हणावयाचा काय? दैवाचा भाग असेलहि. पण दोघांच्या गांठी एकाच जातीच्या नव्हत्या. गिल्मोर यांची गांठ सपाट पेशींची होती. असल्या गांठी पुष्कळदां बराच काळ एका जागीं वाढतात. ग्रॅहॅम यांची गांठ लहान पेशींची. ती जात झपाट्यानें वाढते व लवकर सर्वत्र पसरते. एकीपुढें शस्त्र चाललें, दुसरीपुढें त्याचा उपयोग नव्हता. कर्करोग हें नांव एक असलें, तरी त्याचे स्वभाव अनेक आहेत.

पुढील काळांतील संशोधकांनीं हा स्वभाव मोजण्याची खटपट केली. फ्रान्समध्यें पिएर दनुआ यांनीं गांठीचा आकार, जवळच्या लसीकाग्रंथींतील प्रसार आणि दूरचा प्रसार या तीन गोष्टींवरून रोगाची अवस्था ठरविण्याची पद्धत घातली, आणि १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील डॉ. माउंटन यांनीं ती फुप्फुसाच्या कर्करोगास नीट लावून दाखविली. २०१७ पासून अमलांत आलेल्या आवृत्तींतील आंकडे बोलके आहेत. रोग इतरत्र पसरलेला नसून गांठ एक सेंटिमीटरपर्यंत असेल, तर शंभरांतील ९२ रोगी पांच वर्षांनंतर हयात आढळले. एक ते दोन सेंटिमीटर असेल तर ८३. दोन ते तीन असेल तर ७७. एका सेंटिमीटराची किंमत एवढी मोठी!

परंतु आकार हेंच सर्वस्व नव्हे. १९९५ सालीं जपानांतील डॉ. नोगुची व त्यांचे सहकारी यांनीं ग्रंथिजन्य जातीच्या, दोन सेंटिमीटरांहून मोठ्या नसलेल्या २३६ गांठी सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या. ज्या गांठींतील पेशी वायुकोशांच्या भिंतींवरूनच पसरत गेल्या होत्या, आंत घुसून मूळ धरलें नव्हतें, त्यांचे रोगी पांचहि वर्षें सर्वच्या सर्व जगले. उलट गांठ फुप्फुसाच्या आवरणांत शिरली असेल, पेशी सुट्या होऊन आसपासच्या वायुकोशांत विखुरल्या असतील, किंवा त्यांची रचना अगदीं बेशिस्त असेल, तर लहान गांठहि पुन्हां उद्भवण्याचा संभव वाढतो.

या ज्ञानानें शस्त्राचीहि मर्यादा ठरूं लागली. १९९५ च्या एका अमेरिकन परीक्षणांत संपूर्ण खंडाऐवजीं थोडाच भाग काढल्यास रोग त्याच जागीं तिपटीनें उलटतो असें दिसलें होतें. २०२२ सालीं जपानी शस्त्रवैद्यांनीं १,१०६ निवडक रोग्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. गांठ दोन सेंटिमीटरांपर्यंतची होती. खंडाचा केवळ एक विभाग काढलेल्यांपैकीं ९४.३ टक्के, तर सबंध खंड काढलेल्यांपैकीं ९१.१ टक्के पांच वर्षें जगले. तरी रोग त्याच जागीं उलटण्याचें प्रमाण विभाग काढलेल्यांत अधिकच होतें. म्हणजे थोडें कापणें कोणास पुरेल, हें गांठ पाहूनच ठरवावें लागतें.

तथापि एक गोष्ट विसरूं नये. हे आंकडे शेंकडों रोग्यांचे आहेत. समोर बसलेला रोगी त्या शंभरांतील कितवा, हें कोणताहि आंकडा सांगत नाहीं. वैद्यानें गांठीचें रूप नीट पाहून खरें तेंच सांगावें, आणि रोग्यानें त्यावरून पुढची तरतूद करावी, पण दांतहि नीट करून घ्यावे. गिल्मोर यांनीं दोन्ही केलें, आणि त्यांतील एकहि गोष्ट वाउगी नव्हती.