लाचेची पावती कोण देणार? क्रॉफर्ड प्रकरण, १८८८

मुंबईतल्या त्या दगडी मंडईचं नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, पण टॅक्सीत बसलो की माझ्या तोंडून अजूनही 'क्रॉफर्ड मार्केट'च निघतं. हा क्रॉफर्ड कोण, हे मात्र मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

आर्थर क्रॉफर्ड म्हणजे १८६५ साली नेमलेला मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. कामाचा उरक दांडगा आणि हात सैल. १८७१ साली त्याच्या खर्चावरून करदात्यांनी एवढा गदारोळ केला की त्याची ती कारकीर्द संपली. पण आजची गोष्ट आहे ती पुढची, पुण्यातली.

पुण्यात तो मध्य विभागाचा कमिशनर झाला. मामलेदारांच्या बढत्या-बदल्या त्याच्या हातात. आणि साहेब कर्जात गळ्यापर्यंत बुडालेला. मग काय होणार, सांगायला नकोच. हणमंतराव नावाचा एक मध्यस्थ होता. चांगला तालुका हवाय? हणमंतरावांना भेटा. बदली टाळायचीय? हणमंतरावांना भेटा. कुजबुज सगळीकडे होती. पण कुजबुजीवर खटला चालत नाही ना!

इथंच खरी गोम आहे. चोरी झाली तर ज्याची वस्तू गेली तो ओरडतो. लाचेत देणारा आणि घेणारा, दोघंही गप्प. पावती नाही, तिसरा साक्षीदार नाही. आणि देणारा बोलला, तर तोही गुन्हेगार!

तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे. त्यांनी १८८८ साली चौकशीचं काम पोलीस खात्याचे प्रमुख ओमॅनी यांच्याकडे दिलं आणि मामलेदारांना अभय दिलं. अर्थ साधा: खरं सांगा, तुमच्यावर खटला होणार नाही, नोकरीही जाणार नाही. मग तोंडं उघडली. हणमंतरावाला शिक्षा झाली. क्रॉफर्डसाठी तीन जणांचं कमिशन पुण्यात बसलं आणि एकेक मामलेदार उभा राहून, 'मी पैसे दिले', असं सांगू लागला. कल्पना करा! ज्या माणसाला तालुका वचकून असतो, तो भर चौकशीत स्वतःची नाचक्की करून घेतोय, केवळ सरकारच्या शब्दावर.

निकाल काय लागला? लाचेचा आरोप कमिशनला सिद्ध वाटला नाही. हाताखालच्या मुलखातल्या लोकांकडून कर्जं घेतली, एवढं मात्र सिद्ध झालं. क्रॉफर्डची नोकरी गेली.

मग तोफ वळली मामलेदारांवर. पैसे देऊन जागा मिळवणारे न्यायदानाला कसे बसतात, असा सवाल इंग्रजी वर्तुळात सुरू झाला. खरं सांगायचं तर सवाल चुकीचा नव्हता. मामलेदाराला मॅजिस्ट्रेटचेही अधिकार असत. १८८९ साली साक्षीदारांना खटल्यांपासून वाचवणारा कायदा झाला. पण ज्यांनी बढतीसाठी आपणहून पैसे मोजले असं ठरलं, अशा काहींची नोकरी गेलीच.

तेहतीस वर्षांचे टिळक या मामलेदारांच्या बाजूनं उभे राहिले. 'केसरी'तून लिहिलं, पुण्यातल्या सभेत बोलले. मामलेदार धुतल्या तांदळासारखे आहेत, असा त्यांचा दावा नव्हता. मुद्दा एवढाच: सरकारनं शब्द दिलाय, तो पाळा. आज शब्द मोडलात, तर उद्या साक्षीला कोण येईल?

मला हा प्रश्न जुना वाटत नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ साली, आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आला. त्यातल्या कलम २४ नं, अधिकाऱ्याविरुद्ध जबाब देताना 'मी लाच दिली' असं सांगणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण दिलं होतं. २०१८ च्या दुरुस्तीत ते कलम निघालं. आता जबरदस्तीनं पैसे द्यावे लागले, तर सात दिवसांत तक्रार करायची, तरच सुटका. स्वखुशीनं लाच देणाऱ्याला मोकळं सोडू नये, हे मलाही पटतं. पण आठव्या दिवशी धीर गोळा करणाऱ्या माणसाचं काय?

भ्रष्टाचार उघड होतो तो बहुतेक वेळा आतल्याच कुणीतरी तोंड उघडल्यामुळे. तो माणूस क्वचितच निष्कलंक असतो. त्याच्याकडून सत्य हवं असेल, तर त्याला दिलेला शब्द पाळावा लागतो, तो आपल्याला आवडो न आवडो.

पुढच्या वेळी त्या मंडईत आंबे घ्यायला गेलात, तर त्या मामलेदारांचीही आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!