कृपासदनाची पूर्वकथा

पुण्याहून दौंडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगांव म्हणून एक लहानसें स्टेशन लागतें. पंडिता रमाबाईंनीं तेथें वसविलेल्या ‘मुक्ति’चें नांव सुशिक्षित मराठी कुटुंबांतून बहुधा सर्वांच्या कानांवरून गेलेलें असतें. शारदासदन, विधवांचें शिक्षण, दुष्काळांतून आणलेल्या मुली आणि अर्थात् धर्मांतराचा तो वाद, एवढी रमाबाईंची कथा आपण सांगतों आणि ऐकतों. परंतु १८९९ च्या सुमारास याच आवारांत त्यांनीं आणखी एक घर उघडलें व त्याला ‘कृपासदन’ असें नांव दिलें. त्याचा उल्लेख आला कीं आपल्या लेखकांची लेखणी जराशी अडखळते, असा आमचा अनुभव आहे. समाज ज्यांना ‘पतित’ म्हणत असे अशा स्त्रियांसाठीं तें घर होतें. रमाबाईंनीं स्वीकारलेल्या धर्माचें मर्म कोठें सांपडत असेल तर तें आमच्या मतें या घराच्या नांवांत आहे. आणि त्या नांवापर्यंत पोंचण्यास त्यांना सोळा वर्षें लागलीं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान्, आणि पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल जातभाईंचा रोष पत्करलेले. हें कुटुंब वर्षानुवर्षें तीर्थें करीत, पुराणें सांगत हिंडत असे. होतें नव्हतें तें द्रव्य दानधर्मांत व ब्राह्मणभोजनांत खर्ची पडलें. कारण पुण्याचा सांठा झाला म्हणजे देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल, अशी शास्त्रीबोवांची निष्ठा. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला. मजुरी करणें कुळाला साजेना, भीक मागणें जमेना. रानांतल्या पाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. १८७४ सालीं वडील, मागोमाग आई व नंतर थोरली बहीण गेली. आयुष्यभर जमेची बाजू भरीत आलेल्या या घराच्या वहींत शेवटची बाकी उपासमारीची निघाली.

उरलेलीं दोघें भावंडें पायीं हिंडत १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांच्या त्या मुलीचें संस्कृत ऐकून तेथल्या पंडितांनीं तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण त्याच काळांत धर्मशास्त्राचे ग्रंथ स्वतः वाचतांना रमाबाईंना एक विलक्षण गोष्ट दिसून आली. इतर सर्व बाबतींत परस्परांशीं भांडणारे ते ग्रंथ स्त्रीजातीविषयीं मात्र एकमत होते. स्त्री स्वभावतःच हीन, आणि स्त्रीजन्मांत असेपर्यंत तिला मोक्षाचा अधिकार नाहीं! ज्या मुखानें पदव्या मिळाल्या त्याच मुखाचा हा निकाल होता.

१८८० मध्यें भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं रमाबाईंनीं जातिबाह्य विवाह केला, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पदरांत लहान मुलगी घेऊन त्या विधवा झाल्या. त्याच सालीं त्या पुण्यास आल्या. त्या वेळचें पुणें कशाची चर्चा करीत होतें हें लक्षांत घ्यावें. आदल्या वर्षीं सुरतेकडे विजयालक्ष्मी नांवाच्या एका ब्राह्मण विधवेला स्वतःचें नवजात अर्भक मारल्याबद्दल फांशीची शिक्षा झाली होती. पुढें ती कमी करण्यांत आली, पण वर्तमानपत्रांतून विधवांच्या दुर्वर्तनावर जी झोड उठली ती शमेना. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं चिडून ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली ती १८८२ मध्येंच. रमाबाईंचें ‘स्त्रीधर्मनीति’ हें पहिलें पुस्तकहि त्याच वर्षाचें. परंतु दोहोंचा सूर किती भिन्न आहे! ताराबाई पुरुषांना जाब विचारतात. रमाबाई स्त्रियांना उपदेश करतात. ज्यांचा पाय घसरला त्यांचें पुढें काय, हा प्रश्न रमाबाईंच्या त्या पुस्तकाला छळीत नाहीं. विशेष हें कीं, त्या पुस्तकाच्याच उत्पन्नाच्या आधारानें त्या १८८३ सालीं विलायतेस गेल्या, आणि तेथें हाच प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला.

ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गांवीं विल्यम बटलर या धर्मोपदेशकानें १८४८ सालीं स्थापिलेला भगिनीसंघ होता. याच संघाची एक शाखा पुण्यास पंचहौदाच्या मिशनांत असे. (हेंच तें मिशन, जेथला चहा १८९० सालीं सगळ्या पुण्याला इतका गरम लागला!) वाँटेजला राहत असतां हवापालटासाठीं म्हणून रमाबाईंना लंडनच्या एका शाखेंत पाठविण्यांत आलें. तेथें फुलम या भागांत भगिनींनीं चालविलेलें उद्धारगृह त्यांनीं पाहिलें. पूर्वायुष्यांत जगानें बाहेर टाकलेल्या कांहीं बायका तेथें त्यांना भेटल्या, आणि त्या आतां आजाऱ्यांची व दुबळ्यांची शुश्रूषा करीत होत्या.

रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रीसाठीं कांहीं करावयाचें असतें ही कल्पनाच आपल्याला त्या दिवशीं प्रथम आली, असें त्यांनीं पुढें १९०७ मध्यें लिहिलेल्या आत्मनिवेदनांत मोकळेपणानें सांगितलें आहे. आपल्या देशांत आपण असें कधीं पाहिलें नाहीं, असेंहि त्या म्हणतात. येथें आम्हांला थोडें थांबणें भाग आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांतच १८६३ सालीं बालहत्याप्रतिबंधक गृह काढून अडलेल्या विधवांना आसरा दिला होता, आणि १८७५ सालीं पंढरपुरासहि तशी सोय झाली होती. रमाबाई पुण्यांत वर्षभर वावरल्या, तरी हें त्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं. दोष त्यांचा नव्हे. ज्या मंडळींत त्यांची ऊठबस होती त्यांच्या बैठकींत हा विषयच निघत नसावा.

हें सर्व कां करतां, असें त्यांनीं आपल्या शिक्षिका भगिनीस विचारलें. उत्तरादाखल त्या भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. वाचकांपैकीं पुष्कळांस ही कथा ठाऊक असेल. प्रवासानें थकलेला येशू विहिरीपाशीं बसला आहे. भर दुपारीं शोमरोनी जातीची एक बाई एकटीच पाण्याला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशीं व्यवहार ठेवीत नसत. हा मात्र तिच्याजवळ प्यावयास पाणी मागतो. तिचे पांच नवरे झाले असून सध्यांचा पुरुष तिचा नवरा नव्हे, हें तो तिला तोंडावर सांगतो. पण उठून जात नाहीं. ती देवाची उपासना कोठें करावी असा प्रश्न काढते, तेव्हां हा डोंगर नको आणि यरुशलेमहि नको, खरी उपासना आत्म्यानें होते, असें तो त्या बाईला समजावून देतो. घागर तेथेंच टाकून ती गांवांत धांवत जाते.

आम्हीं ही कथा पूर्वी अनेकदां वाचली होती, पण रमाबाईंच्या कानांनीं ती ऐकून पाहिल्यावर तिच्यांतील तीन गोष्टी आम्हांस निराळ्या वाटूं लागल्या. पाणी कोणाच्या हातचें चालतें आणि कोणाच्या हातचें चालत नाहीं, हें ब्राह्मणाच्या मुलीला कोणीं शिकवावयास नको होतें. तीर्थोतीर्थीं पाय झिजवून आईबाप गमावलेल्या मुलीला ‘हा डोंगरहि नको’ याचा अर्थ युरोपांतल्या कोणत्याहि भाष्यकारापेक्षां अधिक कळला असला पाहिजे. आणि तिसरी गोष्ट ही कीं, मोक्षाचा अधिकार नाहीं म्हणून सांगितलेल्या स्त्रीशीं येथें साक्षात् गुरु मोक्षाचीच चर्चा करीत बसला होता, आणि तीहि कसल्या स्त्रीशीं! अशा स्त्रीला राजानें चवाठ्यावर कुत्र्यांकडून खाववावें, असें मनुस्मृतींत वाचलेल्या रमाबाईंना हा फरक केवढा वाटला असेल!

कोणी म्हणेल, आमच्याकडे काय कृपेचा दुष्काळ होता? तसें मुळींच नाहीं. अजामिळ नामोच्चारानें तरला, गणिका तरली. मंगळवेढ्याची कान्होपात्रा ही तर आपली स्वतःची संत आहे. परंतु कान्होपात्रेची कथा कशी संपते तें आठवा. बेदरच्या बादशहाचे लोक तिला न्यावयास येतात, ती विठ्ठलाच्या पायांवर डोकें ठेवते आणि प्राण सोडते. देवानें तिला जवळ घेतलें. पंढरींतल्या एकाहि घराला तिला ठेवून घ्यावें लागलें नाहीं. आपल्या कथांतील कृपा पतिताला थेट वैकुंठास नेते. फुलमला रमाबाईंनीं पाहिलेली कृपा त्या बाईला दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठवून कामाला लावीत होती. तिला खाट होती, जेवणाची वेळ होती, आणि कोणी तरी आजारी माणूस तिची वाट पाहत होतें. रमाबाईंना भावलें तें हेंच, असा आमचा तर्क आहे.

याचा अर्थ विलायतेंतील अशीं घरें सर्व नंदनवनें होतीं असा नव्हे. पुष्कळ ठिकाणीं धुलाईचे कष्ट आणि कडक शिस्त हेंच पश्चात्तापाचें माप समजलें जाई. आयर्लंडांत तर मग्दालेनेच्या नांवानें चाललेल्या धुलाईघरांनीं पिढ्यान् पिढ्या मुली कोंडल्या, आणि त्यांतलें शेवटचें १९९६ सालीं बंद झालें. कृपेचा हिशेब ठेवूं लागलें कीं तिचा तुरुंग होण्यास वेळ लागत नाहीं. रमाबाईंच्या वांट्याला त्या कार्याची उजळ बाजू आली, हें त्यांचें भाग्य.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांचा व त्यांच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांच्या पत्रांनीं त्यांच्या बुद्धीची खात्री पटविली होती. पण बुद्धीची खात्री पटलेली ही शिष्या गुरूंना फार जड गेली. त्रैक्य कशावरून, चर्चचा अधिकार कोणता, मीं काय मानावें हें दुसऱ्यानें कां ठरवावें, असे वाद तीन वर्षें पत्रांतून चालले. डोंगरेशास्त्र्यांची लेक वाद करणारच! त्यानंतर अमेरिकेचा प्रवास, ‘उच्चवर्णीय हिंदु स्त्री’विषयीं १८८७ मध्यें लिहिलेलें प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदनाची स्थापना. पुढल्या वर्षीं सदन पुण्यास आलें. नांव झालें, कार्य उभें राहिलें. पण मनाला स्वास्थ्य नव्हतें. आपण नवा धर्म घेतला तोहि जुन्याच रीतीनें, म्हणजे कमाई म्हणून घेतला, असें त्यांना दिसूं लागलें.

अशा वेळीं, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचें आत्मचरित्र त्यांच्या हातीं पडलें. हे गृहस्थ कॉर्नवॉलमध्यें वर्षानुवर्षें प्रवचनें करीत होते. १८५१ सालीं एके रविवारीं बोलतां बोलतांच त्यांच्या ध्यानीं आलें कीं, आपण इतरांना जें सांगतों तें आपल्याला अजून मिळालेलेंच नाहीं. आणि त्या क्षणीं व्यासपीठावरच त्यांचा पालट झाला. ऐकणाऱ्यांनीं खुद्द पाद्रीबोवांचा उद्धार झाला म्हणून एकच गलका केला. ही हकीकत वाचून रमाबाई स्वतःकडे वळल्या. फुलमच्या त्या बायकांना जें आयतें मिळालें होतें तें आपल्याला मिळालेलें नव्हतें, कारण आपण तें कधीं मागितलेंच नव्हतें. पंडिता आणि पतिता यांनीं एकाच दाराशीं रिकाम्या हातानें उभें राहावयाचें, ही गोष्ट मान्य करणें विद्वानाला फार कठीण जातें. रमाबाईंना आठ वर्षें लागलीं.

पुढें १८९३ मध्यें वाद पेटला. आपल्या खोलींत दार उघडें ठेवून त्या प्रार्थना करीत आणि मुली येऊन बसत. सदनांत धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील असें आश्वासन असतां हें घडल्यामुळें रानडे व भांडारकर सल्लागारमंडळांतून बाहेर पडले, आणि पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार निराधार होती असें आम्हीं म्हणणार नाहीं. विश्वासानें सोंपविलेल्या मुलींचा प्रश्न होता. परंतु जिला नुकतेंच कांहीं आयतें सांपडलें आहे, तिनें दार लावून घ्यावें ही अपेक्षाहि सोपी नव्हती.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. पाला खाऊन काढलेले आपले दिवस त्यांना आठवले. त्यांनीं शेंकडों मुली आणल्या. पुण्यास प्लेगाची बंदी आली तेव्हां केडगांवच्या माळावर राहुट्या ठोकल्या. १८९८ मध्यें तेथें ‘मुक्ति’ची पक्की वास्तु उभी राहिली, आणि १९०० च्या दुष्काळानंतर वस्ती दीड हजारांच्या वर गेली. अन्नछत्रांतून व मदतकेंद्रांतून मूठभर धान्यासाठीं मुलींचा काय बाजार होतो, तें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. आलेल्यांत कित्येकींचें शरीर आणि आयुष्य दोन्ही नासलेलीं होतीं. त्यांना परत कोठें पाठवावयाचें? त्यांच्यासाठीं हें निराळें घर. आणि त्याला त्यांनीं आश्रम म्हटलें नाहीं कीं सुधारगृहहि म्हटलें नाहीं.

‘मुक्ति’च्या आवारांत मागांवर कापड विणलें जाई, घाणा चाले, शेती होई, आणि छापखानाहि होता. १९०५ मध्यें तेथें प्रार्थनेची जी मोठी लाट उसळली तिच्याविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे. आमचें मन तिच्यापेक्षां छापखान्याकडेच अधिक ओढतें. उतारवयांत रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठींत सगळें बायबल स्वतः उतरविण्यास बसल्या. १९२१ मध्यें मुलगी मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः गेल्या. ग्रंथ १९२४ सालीं पुरा बाहेर आला. त्याचे खिळे केडगांवच्या बायकांनीं जुळविले होते, योहानाच्या चौथ्या अध्यायाचेहि.