आकड्यांची कंठी

पाचोऱ्याहून मुंबईची गाडी धरली की वाटेत देवळाली लागते. मग घाट उतरून डोंबिवली. या दोन्ही स्टेशनांची एका आकड्याशी गाठ आहे. तो आकडा १२३४५६५४३२१. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तोच! सहा वेळा एक मांडून त्या संख्येचा वर्ग करा, म्हणजे तो हाती येतो.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना अशा संख्यांचा विचार डोंबिवली स्टेशनावर सुचला. त्या स्टेशनावरूनच त्यांचे नाव पडले, ‘डेम्लो संख्या’.

पण हा आकडा त्याहून फार जुना. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, सुमारे ८५० साली, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त गुणाकार घातला: २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर हेच! अशा काही गुणाकारांना ते गळ्यातल्या कंठीची उपमा देतात. खुबी पाहा: पहिली संख्या ५२९१ चा वर्ग, दुसरी २१ चा, आणि ५२९१ ला २१ ने गुणले की सहा एक.

कापरेकरांपाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. पुष्कळ विद्वानांना त्यांचे काम म्हणजे पोरखेळ वाटे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाने दखल घेतली. मास्तरांना शाळा सोडून तोवर तेरा वर्षे झाली होती.