होनोलुलूची शर्यत आणि हृदयाचा हिशेब

वडिलांना पहिला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा ते ४६ वर्षांचे होते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. पण आम्हा घरच्यांची भीती डॉक्टरांच्या सल्ल्याहून मोठी! पिशवी उचलू नका, जिना चढू नका, असे करत आम्ही त्यांना पाच वर्षे आरामखुर्चीत सांभाळले. दुसऱ्या झटक्यात ते गेले. होनोलुलू मॅरेथॉनच्या इतिहासाकडे मी वळलो तो या आठवणीमुळे, कारण ती शर्यत सुरू करण्यात एका हृदयरोगतज्ज्ञाचा पुढाकार होता.

डॉ. जॅक स्कॅफ होनोलुलूत वैद्यकी करीत. संथपणे, दीर्घकाळ धावणे हे हृदयरोग्यांना औषधासारखे आहे, असे त्यांचे मत. वारे तेच होते: १९७३ साली टोरांटोच्या डॉ. टेरेन्स कॅव्हनॉ यांचे काही हृदयरोगी बॉस्टन मॅरेथॉन धावले होते. महापौर फ्रँक फासी यांनी पाठबळ दिले आणि डिसेंबर १९७३ मध्ये होनोलुलूची पहिली शर्यत झाली. धावणारे पावणेदोनशेही नव्हते. पुढच्याच वर्षी स्कॅफ यांनी कापिओलानी पार्कमध्ये नवशिक्यांसाठी वर्ग सुरू केला. नियम सोपा: धावताना शेजाऱ्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. बोलणे तुटू लागले की वेग कमी करायचा.

उष्ण प्रदेशात या नियमाला आणखी एक अर्थ आहे. इंजिनियरच्या भाषेत सांगायचे तर शरीर हे कमी कार्यक्षमतेचे यंत्र. खर्च होणाऱ्या ऊर्जेचा साधारण पाऊण भाग उष्णता होतो. ती घाम वाळण्यातून बाहेर पडते, आणि दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही. वेग कमी केला तर उष्णताही कमी निर्माण होते. म्हणूनच ही शर्यत डिसेंबरमध्ये, पहाटे ५ वाजता, अंधारातच सुटते. वायकीकी, डायमंड हेड, हवाई काई आणि परत कापिओलानी पार्क असा ४२ किलोमीटर १९५ मीटरचा मार्ग. वेळेची मर्यादा मात्र नाही. सहा-सात तास लावणाऱ्यांनाही शेवटची रेषा ओलांडता येते. या मोकळीकीमुळे जपानहून हजारो हौशी मंडळी येऊ लागली आणि १९९५ साली नावे नोंदवणाऱ्यांचा आकडा ३४ हजारांवर गेला.

पण त्याच काळात एक अतिरेकी दावाही पसरला. डॉ. थॉमस बॅसलर या कॅलिफोर्नियातील विकृतिशास्त्रज्ञांनी सांगितले की, मॅरेथॉन धावणाऱ्या, धूम्रपान न करणाऱ्या माणसाला हृदयधमन्यांच्या विकाराने मृत्यू येत नाही. १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टिमथी नोक्स व सहकाऱ्यांनी शवविच्छेदनाचे पुरावे देऊन हे खोडून काढले. तरी सामान्यांना धक्का बसला तो जुलै १९८४ मध्ये. धावण्यावरच्या गाजलेल्या पुस्तकाचे लेखक जिम फिक्स व्हरमाँटमध्ये धावताना ५२ व्या वर्षी गेले. त्यांच्या वडिलांना पहिला झटका ३५ व्या वर्षी आला होता, आणि ४३ व्या वर्षी ते गेले होते. धावण्याने फिक्स यांना वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक मिळाली की धोक्याकडे दुर्लक्ष करण्याचे धाडस मिळाले, हे एका माणसाच्या उदाहरणावरून ठरवता येत नाही.

आपल्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले. बॅसलरची हमी खोटी ठरली, तशीच आमच्या घरातली आरामखुर्चीही. टिकून राहिला तो स्कॅफ यांचा साधा नियम. चाळिशी उलटल्यावर मी आधी हृदयाची तपासणी करून घेतली आणि मगच पायात बूट चढवले. मॅरेथॉनचे अजून ठरलेले नाही. शनिवारी सकाळी मंडळातले दोघे मित्र बरोबर असतात, आणि आम्ही बोलता येईल इतक्याच वेगाने जातो. वडिलांबरोबर अशा गप्पा मारत रोज अर्धा तास चालणे आम्हाला सहज जमले असते.