बोआ कन्स्ट्रिक्टरच्या रंगप्रकारांची पैदास

बोआ कन्स्ट्रिक्टर हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील बिनविषारी साप आहे. महाराष्ट्रात आढळणारे मांडूळ त्याच्याच कुळातील होय. जनुकीय बदलामुळे निराळा रंग वा नक्षी लाभलेल्या बोआंची निवडक पैदास अमेरिकेत व युरोपात छंद म्हणून केली जाते. अशा रंगप्रकारास ‘मॉर्फ’ म्हणतात.

आनुवंशिकता

वर्णकहीनता, म्हणजे काळ्या रंगद्रव्याचा अभाव, हे अप्रभावी लक्षण आहे. ते दिसण्यासाठी पिल्लाला संबंधित जनुक माता व पिता या दोघांकडून मिळावे लागते. सामान्य दिसणाऱ्या दोन वाहक सापांच्या संकरातून सरासरी चारांपैकी एक पिल्लू वर्णकहीन निपजते. मात्र पैदासकारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ‘काल’ आणि ‘शार्प’ या वर्णकहीन वाणांची जनुके भिन्न आहेत. त्यामुळे त्यांच्या परस्परसंकरातून सामान्य रंगाचीच पिल्ले जन्मतात.

पुनरुत्पादन

मादी प्रजननक्षम होण्यास साधारणतः तीन-चार वर्षे लागतात. अजगराची मादी अंडी घालते. बोआची मादी जिवंत पिल्लांना जन्म देते. त्यामुळे संकराचे फळ पाहण्यास अनेक वर्षे जातात.

मर्यादा

‘मॉटली’ नक्षीसाठी जनुकाची एकच प्रत पुरते. दोन प्रती मिळालेली ‘सुपर मॉटली’ पिल्ले बहुधा अल्पायुषी ठरतात. म्हणून जबाबदार पैदासकार दोन मॉटली सापांचा संकर टाळतात. दुर्मीळ रंग टिकवण्यासाठी निकटच्या नात्यातील सापांचा वारंवार संकर केल्यास अन्य दोषही प्रकट होऊ शकतात.

कायदेशीर स्थिती

बोआचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराने नियंत्रित आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ मधील दुरुस्तीनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी करावी लागते.