विचारणारे यंत्र आणि लिहिणारे यंत्र

प्राध्यापकाच्या कामाचा काही भाग यंत्रावर सोपवावा, हा विचार आजचा नव्हे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात मानसशास्त्र शिकविणाऱ्या सिडनी प्रेसी यांनी तशी एक पेटी तयार केली होती व १९२६ साली तिच्यावर लेखही लिहिला होता. पेटीच्या खिडकीत एक प्रश्न आणि त्याची चार उत्तरे दिसत. विद्यार्थ्याने त्यांपैकी एकाची कळ दाबावयाची. योग्य कळ दाबली जाईपर्यंत पुढचा प्रश्न येत नसे. यशस्वी विद्यार्थ्याला खाऊची गोळी देण्याची सोयही तिला जोडता येई. परीक्षेच्या इतिहासात इतका उदार परीक्षक दुसरा नसावा!

हार्वर्डच्या बी. एफ. स्किनर यांना ही पद्धत पुरेशी वाटली नाही. चार तयार उत्तरांतून एक उचलणे म्हणजे केवळ ओळखणे. विद्यार्थ्याने उत्तर स्वतः घडविले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९५८ साली त्यांनी आपल्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. विद्यार्थी कागदाच्या पट्टीवर आपले उत्तर लिही व दांडा सरकवी. त्याबरोबर त्याचे अक्षर एका पारदर्शक झाकणाखाली जाई आणि मगच खरे उत्तर उघडे होई. आपण लिहिलेले दिसते आहे, पण आता बदलता येत नाही, अशी ती युक्ती होती. स्किनर यांची पुष्कळ मते आज मागे पडली आहेत. मला मात्र त्या झाकणाचे मोल त्यांच्या साऱ्या सिद्धांताहून अधिक वाटते. चूक आपली आहे हे तेथे कबूल करावेच लागे, आणि शिकण्याचा आरंभ बहुधा तेथूनच होतो.

पुढे १९६० साली इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकावरील शिक्षणव्यवस्था सुरू झाली. साधने पालटली, तरी या वापरातले मूळ नाते तेच राहिले: यंत्राने विचारावे, विद्यार्थ्याने उत्तर द्यावे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि हे नाते उलटे झाले. आता विद्यार्थी विचारतो व यंत्र निबंध लिहिते. महाविद्यालयांत खळबळ उडाली. पॅरिसच्या सियांस पो या संस्थेने जानेवारी २०२३ मध्येच त्याच्या अघोषित वापरास बंदी केली. त्याच महिन्यात ओपनएआय या निर्मात्या कंपनीने यंत्राचे लेखन ओळखणारे साधनही काढले. पण कंपनीच्याच चाचणीत त्याला यंत्रलिखित मजकुरापैकी अवघा २६ टक्के ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्याने खोटा आळ घेतला. शंभर प्रामाणिक विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना चोर ठरविणारा न्यायाधीश कोणते महाविद्यालय पत्करील? जुलैत ते साधन मागे घेण्यात आले.

त्यानंतर अमेरिकेतील काही विद्यापीठांत वर्गात बसून हाताने लिहावयाच्या परीक्षावह्या परत आल्या. आमच्याकडे त्या गेल्याच कधी होत्या? १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ आरंभी मुख्यतः परीक्षा घेणारेच होते. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाने हिंदुस्थानातील उच्च शिक्षणावर मोठा ठपका ठेवला तो हाच, की येथे अध्यापन परीक्षेचे दास झाले आहे. अक्षर विद्यार्थ्याचे असे, पण उत्तर अनेकदा मार्गदर्शिकेतले. पाठ केलेले उत्तर आणि यंत्राकडून घेतलेले उत्तर यांत फरक आहे, नाही असे नाही. पाठ करणाऱ्याला निदान पाठांतराचे कष्ट तरी पडत.

जुलै २०२५ मध्ये चॅटजीपीटीत अभ्यासाची एक निराळी पद्धत आली. तीत यंत्र थेट उत्तर देण्याऐवजी विद्यार्थ्यालाच उलट प्रश्न विचारते, पायरीपायरीने पुढे नेते. प्रेसी आणि स्किनर यांना ती ओळखीची वाटली असती. फक्त ही पद्धत चालू ठेवावयाची की बंद करावयाची, हे विद्यार्थ्याच्या हाती ठेवलेले आहे.